रेघेच्या उत्तरेला

सिरानुशमावशीने स्वतःच्या तोंडातून काहीतरी बोटावर काढलं आणि माझ्या लिलेच्या तोंडात घातलं. मी वरच्या सज्जात उभी राहून कपड्यांची दोरी पुढे सरकवत होते, कप्पी कुरकुरत होती, हातात लिलेचं ओलं झबलं होतं, आणि खाली अंगणात, नळाजवळच्या बाकावर, हे घडलं. पापणी लवण्याएवढाच वेळ लागला असेल. मावशी पावाचा तुकडा चावत होती, चावता चावता समोरच्या खिडकीतल्या कुणाला तरी दोन शब्द ऐकवत होती, मग बोट तिच्या ओठांशी गेलं आणि तिथून लिलेच्या ओठांशी. लिलेने गिळलं. आणि लिलेने पुन्हा तोंड उघडलं. मला आधी धक्का कशाचा बसला ते आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या बाईची लाळ माझ्या मुलीच्या पोटात गेली याचा, की जी मुलगी कित्येक दिवस माझा चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे मिटून घेत होती तिने पाखराच्या पिल्लासारखा आ वासला, याचा. झबलं माझ्या हातातून सुटलं आणि खाली द्राक्षाच्या वेलावर जाऊन अडकलं. ते तसंच सोडून मी जिना उतरले.

आमच्या अंगणाला सगळे इटालियन अंगण म्हणतात. त्बिलिसीच्या जुन्या भागात अशी पुष्कळ आहेत: मधोमध नळ, भोवती लाकडी सज्जे, डोक्यावर वेल, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. इथे कुणी इटालियन राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मावशीचं माहेर आणि सासर दोन्ही या एकाच अंगणात, समोरासमोर. लग्नात ती नळाच्या या बाजूकडून त्या बाजूला गेली, तेवढाच तिचा प्रवास. आर्मेनियन कुटुंब, आमच्याशी रक्ताचं नातं नाही, आम्ही इथे यायच्या आधीपासूनचं. बेसो, माझा नवरा, मालाचा ट्रक घेऊन पोलंडपर्यंत जातो आणि महिन्यातले थोडे दिवस घरी असतो, त्यामुळे लिले जन्मली त्या दिवसापासून मावशीने आम्हा दोघींना आपल्या ताब्यात घेतल्यासारखं केलं होतं. जून महिन्यात कानटोपी. दाराखालून येणारी झुळूक म्हणजे साक्षात मरण. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मुलीला उचललं आणि झोपेची वेळ झाली असं पुटपुटले. मावशी म्हणाली, झोपेची कसली वेळ, ती आत्ता कुठे जेवायला बसलीय. "चल, आई," मी लिलेला म्हणाले. आमच्याकडे आई लेकराला आई म्हणूनच हाक मारते. बाप लेकराला बाप म्हणतो, मावशी भाचरांना मावशी म्हणते. लिले माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली, बाकाकडे, आणि वर पोहोचेपर्यंत तिचं तोंड उघडंच होतं.

असं काही झालं की मी ग्रुपवर लिहायचे. लिले पोटात असताना मी तिथे शिरले होते. नाव साधंच होतं, युरोपातल्या आया, पहिलं वर्ष. आत जाताना एकच प्रश्न विचारत, तुम्ही युरोपात राहता का, आणि मी हो वर बोट ठेवलं होतं, तुम्ही माणूस आहात ना असं विचारल्यावर ठेवावं तसं. त्या बायकांनी मला वर्षभर जिवंत ठेवलं असं म्हणणं फार होईल, पण फार होणार नाही. उत्तर फिनलंडमधली मिर्या. तिचा मुलगा लिलेच्याच आठवड्यात जन्मला आणि पहिल्या महिन्यांत आम्ही दोघी एकाच वेळी जाग्या असायचो, एकमेकींना बाळांच्या पायांचे फोटो पाठवायचो, शब्द लिहिण्याचं त्राण नसायचं म्हणून. सार्डिनियातली इलारिया, जिच्या आवाजाच्या मागे कायम मेंढ्यांच्या घंटा वाजत असत आणि जी कुठल्याही प्रश्नाला आधी हसायची. आणि गेंटची लीस्बेत, तिनेच तो ग्रुप काढलेला, भली बाई. मला ताप भरला, छाती दगडासारखी झाली, तेव्हा तिनेच दर तासाला विचारून विचारून मला दवाखान्यात पाठवलं होतं. माझ्या आईला, बहिणीला, बेसोला जे सांगता यायचं नाही ते मी या बायकांना सांगितलं होतं. लिले रडत असताना एकदा मी दार लावून जिन्यात जाऊन बसले होते, हे फक्त त्यांना माहीत आहे. मिर्याने तेव्हा लिहिलं होतं, मी गाडीत जाऊन बसते, आमच्याकडे जिना नाही.

म्हणून मी लिहिलं. शेजारची म्हातारी बाई अन्न चावून माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला भरवते, तिला न दुखवता कसं थांबवू. शेजारची बाई असंच लिहिलं. मावशी लिहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता, हे लिहितानाच मला कळत होतं. पहिल्या दोघीतिघींनी दातांच्या किडीविषयी सांगितलं, एकीने लेख पाठवला. मग कुणीतरी विचारलं, हे युरोपात होतं? खाली दुसरीने: जॉर्जिया युरोपात कधी आलं? तिसरीला वाटलं मी अमेरिकेतल्या जॉर्जियात आहे, आणि तिला तिथल्या उकाड्याबद्दल माझी दया आली. चौथीने नकाशा टाकला. नकाशावर लाल रेघ होती, आमच्या डोंगरांच्या माथ्यावरून गेलेली, आणि आम्ही रेघेच्या खाली. मग तो धागा लांबत गेला आणि त्यात माझी मुलगी, तिचं तोंड, पाव, काहीच उरलं नाही. तुर्कस्तान कुठवर, रशिया कुठून, सायप्रस कशाच्या जोरावर. जिने आयुष्यात कुणाशी भांडण केलं नसेल अशी पोर्तोची एक बाई उरल नदीवरून इरेला पेटली. लीस्बेतने दुपारी लिहिलं की नियम सगळ्यांना सारखा हवा, म्हणून मत घेऊ या. नकाशाप्रमाणे जायचं की नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत. कुणी मनाला लावून घेऊ नये. पुढे एक फूल.

मी मनाला लावून घेतलं. लिलेला पाळण्यात टाकून मी उत्तर लिहायला बसले आणि लिहून खोडत राहिले. आमच्याकडे द्राक्षाचा रस मातीच्या रांजणात आठ हजार वर्षांपासून मुरतो आहे. खोडलं, वर्षं मोजणारी माणसं बहुधा पाहुण्यांना कंटाळा आणतात. आमची लिपी. खोडलं. आमच्या चौकात युरोपचे निळे झेंडे, पिवळे तारे असलेले, सज्जांवरून लोंबतात, ऊन खाऊन फिके पडले तरी कुणी काढत नाही. हेही खोडलं, कारण हे वाचून मला स्वतःचीच कीव आली, दाराबाहेर नवे कपडे घालून उभ्या राहिलेल्या मुलीसारखी. आणि मला शाळेतलं भूगोलाचं पुस्तक आठवलं. पाचवीत आमच्याकडे जुनं पुस्तक होतं, मोठ्या भावंडांकडून आलेलं, त्यात रेघ डोंगराच्या माथ्यावरून जायची आणि आम्ही आशियात होतो. सहावीत नवं पुस्तक आलं, त्यात रेघ आमच्या दक्षिणेला सरकली होती. आमच्या बाई, केसांचा घट्ट अंबाडा, हातात पट्टी, एवढंच म्हणाल्या होत्या की मुलांनो, सुट्टीत आपण युरोपात आलो, वह्या काढा. मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं होतं, सामान कुणी आणलं. वर्ग किती हसला होता. आता वाटलं, त्या बाईही हसत होत्या, पट्टीमागे तोंड लपवून.

पण त्या दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट सारखी होती आणि ती फक्त माझ्या लक्षात होती. माझ्या आईचं माहेर आर्शाचं. आर्शा डोंगराच्या पलीकडे आहे, क्रॉसच्या खिंडीच्या उत्तरेला, तिथलं पाणी उत्तरेकडे वाहतं. रेघ कुठलीही धरा, आर्शा युरोपातच. म्हणजे लहानपणी दर उन्हाळ्यात मिनीबसमध्ये बसून, वळणांवर ओकत ओकत, मी युरोपात जायचे आणि ऑगस्ट संपला की परत आशियात यायचे. माझ्या मामाच्या गायी जन्माने युरोपियन होत्या. त्यांचं चीज आम्ही पिशवीत घालून खिंडीपलीकडे आणायचो, आणि इथे अंगणात सगळे म्हणायचे की याला वास येतो. हे आठवून मी पाळण्याशेजारी एकटीच हसायला लागले. लिले जागी झाली आणि माझं हसणं बघून हसली, कारण ती हसण्याचं कारण कधी विचारत नाही. मी हे मिर्याला लिहिलं. मिर्याने विचारलं की दूध खिंडीच्या कुठल्या बाजूला काढायचे. रविवारनंतर हिला मी कुठे शोधणार, हा विचार त्या हसण्याच्या खाली बसून होता. तिचा पत्ता, आडनाव, काहीच मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते तिच्या मुलाच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे, हे.

शुक्रवारी मी लिलेला डॉक्टरांकडे नेलं. माझ्याच वयाची मुलगी, तिने नीट समजावलं की चावून देऊ नये, जंतू जातात. काट्याने कुस्करून द्या, माणसांत बसवून द्या, एकट्याला जेवायला कुणालाच आवडत नाही. मग पेन बंद करून म्हणाली की तिच्या गावी तिलाही असंच भरवलं होतं आणि दात मात्र बापावर गेले. मावशीला हे कसं सांगायचं ते मी परतीच्या वाटेवर मनात जुळवत होते, पण माझं काम बेसोनेच करून टाकलं. तो बल्गेरियाच्या सीमेवर ट्रकांच्या रांगेत अडकला होता आणि ग्रुपवरची सगळी हकिगत मी त्याला कळवली होती. संध्याकाळी अंगणात मावशी लिलेला मांडीवर घेऊन बसलेली, मी शेजारी, फोन बाकावर उघडा ठेवलेला, आणि बेसोच्या आवाजामागे इंजिनांची घरघर.

"काय गं, काढलं का तुला युरोपातून?" बेसो म्हणाला. "मी इथे दाराशीच उभा आहे. आत कुणी विचारलं तर काय सांगू?"

मी त्याला डोळ्यांनी गप्प करायला गेले, पण फोनला डोळे दिसत नाहीत. "आणि ते सगळं मावशीच्या थुंकीवरून," तो पुढे म्हणाला, "हे तर मी आख्ख्या रांगेला सांगितलं. एक तुर्की ड्रायव्हर म्हणतो, मावशीला आमच्याकडे पाठवा."

मला वाटलं जमीन फाटून मी आत जावं. मावशीने लिलेची टोपी कानांवर ओढली, गाठ पुन्हा बांधली, आणि मग विचारलं, "मग? काय म्हणाल्या त्या बायका?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज लहान मुलीसारखा येत होता. मावशी मधेमधे मान हलवत होती, जणू मी दुसऱ्याच कुणा म्हातारीबद्दल सांगतेय. शेवटी तिने एवढंच म्हटलं की त्यांना सांग, मी सकाळ-संध्याकाळ दात घासते, आणि हे माझे स्वतःचे दात आहेत. काट्याचं ऐकल्यावर मात्र तिचं तोंड पडलं. काट्याला कळतं का गरम काय, खारट काय, असं ती लिलेच्या कानात बोलली, मला ऐकू येईल अशा बेताने. मग घरातून काटा घेऊन आली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाजी निवडताना मला दमानिसीची ती कवटी आठवली. विद्यापीठात मी पुरातत्त्व शिकले. एका उन्हाळ्यात आम्हा मुलांना उत्खननावर नेलं होतं, मऊ ब्रश घेऊन आम्ही दिवसभर मातीला गुदगुल्या केल्यासारखं करत बसायचो. फार जुनी माणसं तिथे सापडली, आफ्रिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काही माणसांपैकी, आणि आमच्या इथे लोक त्यांना हौसेने पहिले युरोपियन म्हणतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला दात नव्हते. एकच उरलेला. जबड्याचं हाड भरून आलं होतं, म्हणजे दात गेल्यावर तो पुष्कळ जगला. प्राध्यापक ती प्रतिकृती हातात फिरवत म्हणाले होते, त्याला कुणीतरी मऊ करून दिलं असणार, दगडाने ठेचून किंवा स्वतःच्या दातांनी. मग चष्मा काढून म्हणाले, हे सिद्ध करता येत नाही, परीक्षेत लिहू नका. मी परीक्षेत लिहिलं नव्हतं. आता ग्रुपवर लिहिलं. तुम्ही विचारलंत, हे युरोपात होतं का. सिद्ध करता येत नाही, पण ज्याला आम्ही पहिला म्हणतो त्याला बहुतेक कुणीतरी चावून भरवलं होतं. माझ्या मुलीला सिरानुशमावशी भरवते. ती शेजारीण नाही, ते मी चुकीचं लिहिलं. डॉक्टरांनी नको सांगितलंय आणि आम्ही आता काटा वापरतो आहोत; काटा आणि मावशी यांचं अजून पटत नाही. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. पाठवलं आणि फोन भाजीच्या टोपलीत पालथा टाकला.

दुपारपर्यंत खाली बायकांची रांग लागली. इलारियाने आवाजी निरोप पाठवला, मेंढ्यांसकट, की तिच्या आजीने आठ भावंडांना असंच वाढवलं आणि त्यांतले दोघे तर पाद्री झाले. फिनलंडच्या, क्रीटच्या, कुठल्या कुठल्या बायकांनी आपापल्या आज्या काढल्या. एकीने लिहिलं की तिची आई अजून तिला मासा काटे काढून देते आणि ती न्यायाधीश आहे. पण नकाशावाल्याही होत्या, आणि त्या काही दुष्ट नव्हत्या. आज्या सगळ्या जगाला असतात, म्हणाल्या, मग नाव कशाला ठेवायचं युरोपातल्या आया. खरं तर मला ते पटलंही. मतं जवळजवळ सारखी चालली होती आणि मी दर थोड्या वेळाने बघत होते, दुधावर लक्ष ठेवावं तशी.

मावशीला मी आर्शाची गंमत सांगितली ती तिचं मन रमावं म्हणून. गायींचं ऐकून ती हसली नाही. तिने काटा खाली ठेवला.

"म्हणजे ती रेघ खिंडीत आहे?"

"जुन्या पुस्तकाप्रमाणे."

"आणि तू पलीकडे असलीस तर युरोपात?"

"मावशी, ते मी राहते कुठे यावर असतं, बसते कुठे यावर नाही."

"ते कोण बघायला येतंय? मतं मोजतील तेव्हा तू पलीकडे बसलेली पाहिजेस. मग काढू देत त्यांना. आणि मलाही ने, मी खिंड बघितली नाही कधी."

हे शिकलेल्या बाईने ऐकायचं नसतं. मी हसले, वर आले, पाळणा हलवला, आणि मग डिडुबेच्या स्टँडवर रविवारी पहिली मिनीबस किती वाजता सुटते ते बघितलं.

रविवारी सकाळी मावशी ठेवणीतला काळा पोशाख घालून, मोत्यांची माळ, हातात कापडी पिशवी अशी जिन्याखाली उभी होती. पिशवीत पाव, चीज, उकडलेली अंडी, दह्याची बरणी, वाटी आणि काटा. ड्रायव्हर डोंगराकडचा, गेला नावाचा, मानेने बैलासारखा. रस्त्यात देऊळ लागलं की स्टिअरिंग सोडून छातीवर तीनदा क्रॉस करायचा आणि गाडीतले सगळे त्याच्याबरोबर करायचे, बहुधा देवाहून वळणाला घाबरून. मावशीनेही तिच्या पद्धतीने केला. वर चढत गेलो तशी झाडं संपली, गवत आलं, मग गवतात बर्फाचे मळके ठिपके. बोगद्यांत फोनची रेंज गेली. आधी एक रेघ, मग तीही नाही. मला वाटलं होतं घाबरेन. पाठीचा कणा ताठ करून मी भीतीची वाटही बघितली, लहानपणी ओकारी येईल म्हणून बघायचे तशी, पण ती आली नाही. खिडकीतून हवा आली, तिला थंड दगडाचा आणि शेणाचा वास होता, माझ्या सगळ्या उन्हाळ्यांचा, आणि लिले माझ्या मांडीवर ताठ बसून डोंगरांना काहीतरी ओरडून सांगत होती.

खिंडीत गेलाने गाडी थांबवली, सगळे पाय मोकळे करायला उतरले. मावशीने त्याला विचारलं, रेघ कुठे आहे. त्याने हातातल्या पावानेच समोर दाखवलं, इथेच कुठेतरी, म्हणाला, रस्त्याचं काम करणाऱ्यांनी पुसली असेल. मावशी गंभीरपणे चार पावलं गेली, थांबली, एक पाय अलीकडे एक पलीकडे रोवून उभी राहिली, माळ सरळ केली. सगळी मिनीबस बघत होती. ती जरा वेळ तशीच उभी राहून म्हणाली, "काही वेगळं वाटत नाही. वारा आहे फक्त. पोरीची टोपी ओढ खाली."

आम्ही एका दगडावर बसलो. दह्यात पाव कुस्करला, मावशीने काट्याने, जरा जास्तच जोराने. मग काटा मला न देता तिने वाटीच पुढे केली. मी बोटावर घेतलं. लिलेने आधी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा मला दिसलं की ती बोटाकडे नाही, माझ्या कपाळाकडे बघते आहे, तिथल्या आठ्यांकडे, ज्या तिने प्रत्येक चमच्यामागे बघितल्या असतील. माझ्या मागे ड्रायव्हर कुणाशी तरी मेंढीच्या किमतीवरून वाद घालत होता, मावशी अंडं सोलत होती, वाऱ्याने तिचे पांढरे केस उभे केले होते, आणि मी काही न ठरवता स्वतःच एक घास खाल्ला. दही आंबट होतं, पाव खारट, भूक मला केवढी लागली होती. लिलेने तोंड उघडलं. मी भरवलं. तिने गिळलं आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून पुन्हा तोंडाकडे ओढला. मावशीने अंड्याचं टरफल हळूच खिशात टाकलं. बारा केव्हाच वाजून गेले होते. वाटी संपली तेव्हा मला ते आठवलं.

पलीकडे उतरताना पहिल्या वस्तीशी फोन जिवंत झाला आणि मांडीवर नुसता थरथरत राहिला. मी ग्रुप उघडायला गेले. उघडला नाही. तुम्ही या ग्रुपच्या सभासद नाही, एवढंच लिहिलेलं. थोडक्या मतांनी गेलं होतं म्हणे. लीस्बेतचा वेगळा निरोप होता, लांबलचक, तिला वाईट वाटलं होतं आणि ते खरं होतं. समोर टेरेक नदी राखाडी, उत्तरेकडे धावणारी, सगळ्या पुस्तकांतल्या युरोपात मी बसलेली, आणि बाहेर. मावशीने माझा चेहरा बघितला आणि तिच्या ओठांतून तेवढंच आलं, तुझी पीडा मला लागो, पोरी. मग फोन वाजायलाच लागला. मिर्या होती. आम्ही कधी बोललो नव्हतो. तिचा आवाज मी जाड समजले होते, तो चिमणीसारखा निघाला. ती म्हणाली की ती निघाली तिथून, इलारियाही, बऱ्याच निघाल्या, पोर्तोवाली तर भांडून निघाली. नवा ग्रुप केलाय. नावावर एकमत होत नाही म्हणून नाव ठेवलेलं नाही. आणि दार सांभाळायला तुला ठेवलंय.

"मला का?" मी विचारलं.

"तुला झोप नसते," मिर्या म्हणाली, आणि तिच्या मागे एक मूल खदखदून हसलं, तिचा मुलगा, ज्याची करंगळी मी ओळखते.

मी मावशीला सांगत होते, अर्धं रडत, अर्धं हसत, पुढच्या बाकावरच्या बायकाही वळून ऐकत होत्या, कुणीतरी लिलेला मांडीवर मागून घेतलं होतं, तेवढ्यात नव्या ग्रुपच्या दारावर पहिली थाप पडली. हायफा नावाची बाई. कुणाच्या तरी नणंदेची मैत्रीण. लिहिलं होतं, मी ट्युनिशियात राहते, बिझर्ट गावी. आमचा किनारा सिसिलीच्या समोर आहे, दिसत नाही पण आहे. मला माहीत आहे तुम्ही युरोपातल्या आहात. आत येऊ का?

माझा अंगठा आपोआप गेला तो नकाशावर. मी बिझर्ट शोधलं. समुद्र बघितला, निळा, मधे किती आहे ते दोन बोटांनी ताणून बघितलं, आणि डोक्यात वाक्य जुळायलाही लागलं होतं, सभ्य, मऊ, शेवटी फूल असलेलं. माझी मान गरम झाली. मी नकाशा बंद केला.

"कोण आहे?" मावशीने विचारलं.

"एक बाई. आत येऊ का विचारतेय."

"आणि तू तिला उभी ठेवलीस?"

मी लिहिलं, बाळ केवढं आहे? उत्तर लगेच आलं. जुळी आहेत, दोघीही आत्ता एकदमच झोपल्यात, म्हणून विचारायला जमलं.

त्या उठायच्या आत मी दार उघडलं.